खापराजवळची जागा

मला घरकामाची आवड नव्हती, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणी म्हणायला नको की ही बाई जन्मतःच सुगरण होती आणि आता आम्हाला शहाणपण शिकवते आहे. नंदुरबारला मी मराठी सातवी फायनल पास झाले होते. वडील तिथेच शाळेत मास्तर. आमच्या गल्लीत फायनल झालेली मी एकटी मुलगी, त्यामुळे डोक्यात जी हवा शिरली ती लग्नाच्या मांडवातही उतरली नाही. आपण मास्तरीण व्हायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. आईनं दुसरंच ठरवलं होतं, आणि आमच्या घरात आईनं ठरवलेलंच होत असे.

सासर तापीच्या पलीकडे, तळोद्याच्या बाजूला. मातीच्या सपाट छतांची धाब्याची घरं आणि चारी बाजूंना काळी जमीन. घरात माणसं चारच: सासरे, सासूबाई, माझा नवरा आणि मी. दोन नणंदा लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट.

पहाटे जातं, मग शेण, मग पाणी, मग चूल, दुपारी निवडणं, संध्याकाळी पुन्हा चूल. मला राग कष्टांचा नव्हता, कष्ट आमच्या आईनंही करून घेतले होते. राग होता तो केलेलं काम उरत नाही याचा. शाळेत एकदा गणित सुटलं की ते सुटलेलंच राहतं. इथं सकाळी दहा-बारा भाकरी थापायच्या, संध्याकाळी टोपलं रिकामं, आणि शाबासकी कसली, तर ढेकर. मी भांडी आदळायची, सारवताना पुटपुटायची. नवरा एकदा म्हणाला, "भांडासले बी जीव ऱ्हास." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

पण सगळ्यात जास्त चीड मला सासूबाईंच्या समाधानाची यायची. बुटक्या, काळ्यासावळ्या, हात मात्र पुरुषासारखे रुंद. घरभर फिरताना त्या भिंतीवरून, खांबावरून, रांजणाच्या काठावरून हात फिरवत चालायच्या, गुरांच्या पाठीवरून फिरवावा तसा. चुलीपुढे बसल्या की चेहऱ्यावर एक शांतपणा यायचा. मला वाटायचं, या बाईला जगात दुसरं काही माहीतच नाही, म्हणून सुखी आहे. बेडकाला आपलं डबकं बरं. असं मी मनात म्हणत असे, आणि हे लिहिताना आजही मला त्याची लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी थंडीत मी स्वयंपाकघरात एक सुधारणा केली. फळीवरचे मसाल्याचे डबे कसेही मांडलेले होते, ते उंचीप्रमाणे ओळीत लावले, शाळेत पुस्तकं लावायचो तसे. फार सुंदर दिसलं. सासूबाईंना सांगायची मला गरज वाटली नाही. त्यांना त्या आठवड्यात सर्दी झाली होती, नाक चोंदलेलं. सकाळी त्यांनी वांग्याची भाजी फोडणीला टाकली, डब्यात हात घातला आणि तिखटाच्या दोन मोठ्या चिमटी सोडल्या. तिखट नव्हतंच ते. ती हळद होती.

मी तिथेच पीठ मळत होते. पातेल्यातली भाजी झेंडूच्या फुलासारखी पिवळी धमक झाली. झरोक्यातून चांगलं ऊन येत होतं. सासूबाईंनी पातेल्यात वाकून पाहिलं, डाव फिरवला, झाकण ठेवलं आणि शांतपणे भाकरीचा तवा मांडला.

जेवताना सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. माझ्याकडे बघितलं. नवराही माझ्याकडेच बघत होता. वाईट झालं म्हणजे मीच केलं असणार, हे घरात ठरलेलं होतं. मी तोंड उघडणार होते. पण सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसले. त्या घाबरल्या होत्या. इतकी मोठी बाई घाबरलेली मी तोवर पाहिली नव्हती.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. दुसऱ्या दिवशी मी त्यांची परीक्षा घेतली. त्यांचा पाण्याचा तांब्या रोजच्या जागेवरून वीतभर सरकवला आणि उंबऱ्यात उभी राहून पाहू लागले. त्यांचा हात रोजच्या जागी गेला, रिकामा फिरला, जमिनीवर चाचपला, आणि थांबला. मग मान न वळवता त्या म्हणाल्या, "तठे उभी ऱ्हायीसन काय देखस वं? आठे ये."

मी जवळ गेले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"तुले समजनं ना?"

मी मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवून त्यांना काय कळणार. "हो, आत्याबाई," म्हटलं.

वर्षभरापासून नजर जात होती. बाजूनं आधी गेली, मग धूर भरल्यासारखं झालं, आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. घरातल्या वस्तू हातांना पाठ होत्या म्हणून निभत होतं. खांबावरून, रांजणावरून फिरणारा तो हात लाडाचा नव्हता, वाट शोधणारा होता. आणि मी मात्र त्याला डबक्यातलं समाधान म्हणत होते.

"आबासले सांगू का?" मी विचारलं. आबा म्हणजे सासरे. "धुळाले डोयास्ना डाक्टर शे."

"कोनले सांगानं नही," त्या म्हणाल्या. मग जे सांगितलं ते असं. त्यांच्या सासूबाईंचीही नजर अशीच गेली होती. एकदा म्हातारीनं दुधात मिठाचा खडा टाकला. तेव्हा सासूबाई माझ्याच वयाच्या, अंगात रग. त्यांनी सगळ्यांसमोर म्हातारीचा हात धरून तिला चुलीपासून उठवलं आणि ओसरीवर नेऊन बसवलं. आता बसून खा म्हणाल्या. चांगल्या मनानंच म्हणाल्या. म्हातारी पुढे चार वर्षं ओसरीवर बसून होती. वेळेवर ताट मिळायचं, अंथरूण मिळायचं, कमी काही नव्हतं. पण दिवसभर तिची बोटं मांडीवर भाकरी थापायची, नुसत्या हवेत.

"त्या बोटं माले आजबी दिखतस," सासूबाई म्हणाल्या. "मन्हा डोया गयात, पन त्या बोटं दिखतस. माले ओसरीवर नको बठाडू, पोरी."

मला चूल नको होती, आणि त्यांना ती जाण्याची भीती होती. त्या उठल्या असत्या तर सगळं घर माझ्या डोक्यावर पडलं असतं, हेही मला दिसत होतं. म्हणून मी गप्प राहायचं कबूल केलं. त्यात दया किती आणि आळस किती, ते देवाला माहीत.

मी डबे पुन्हा पहिल्यासारखे लावले. आणि मग आमची एक पद्धत सुरू झाली. त्यांनी करायचं आणि मी शेजारी बसून सांगायचं. वाटलं होतं, सोपं काम आहे. पण माझं सांगणं त्यांना पटेचना.

"भाकर लाल झाली," मी म्हणायची.

"लाल म्हंजे कितली लाल?"

"जरा लाल."

"जरा म्हंजे काय? फायनल पास शे ना तू? नीट सांग."

नीट सांगायचं म्हणजे नीट बघावं लागे, आणि मी त्या घरात दीड वर्ष राहून काहीच नीट पाहिलेलं नव्हतं. भाकरीवर आधी कडेला मोहरीएवढे डाग पडतात, मग मधे फुगा येतो, आणि फुगा येतानाच कड तव्यापासून सुटते. लोणी कढताना आधी पांढरा फेस येतो, मग आवाज बदलतो, मग तळाशी बदामी बेरी दिसते, आणि त्याच क्षणी उतरवलं नाही तर तूप करपतं. ज्वारीचं पीठ चांगलं दळलं गेलं की चिमटीत धरून सोडताना उडत नाही. हे सगळं मला शब्दांत सांगावं लागे. एकदा मी म्हटलं, "दूध वर येतंय, मधे खळगा पडलाय आणि कडेनं सुरकुत्या." त्या हसल्या. "आते दिखनं," म्हणाल्या.

मला हसू आलेलं सांगते, रागही आलेला सांगते. त्या शिकवणी घेत होत्या की मी, ते कळेनासं झालं. पण फाल्गुनात केव्हातरी, जात्यावर बसले असताना, माझ्या लक्षात आलं की मी उठताना चडफडले नव्हते. पिठाची धार पाहत होते, बारीक पडते की नाही ते. दळण संपलं तेव्हा थोडं वाईटही वाटलं. मी हे कुणाला सांगितलं नाही. इतके दिवस नाकावर राग घेऊन फिरल्यावर एकदम सुखी होणं माणसाला अवघड जातं, चारचौघांत तर फारच.

आणि मग आखाजी जवळ आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात ती नुसती तिथी नाही. सासुरवाशिणींची ती दिवाळी. भाऊ गाडी घेऊन येतो, लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, दोन-चार दिवस कुणाची सून नसतात. मी वर्षभर त्या एका दिवसाकडे डोळे लावून असे. आणि ज्या दिवशी सुना माहेरी जातात त्याच दिवशी घरच्या लेकी माहेरी येतात. म्हणजे मी जाणार आणि माझ्या दोन्ही नणंदा येणार.

त्या दिवशी पितरांसाठी मांडे करतात. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर पालथं घालून तापवायचं. पुरण भरलेला गोळा दोन्ही तळहातांवर झेलत झेलत वाढवायचा, तो मनगटावरून कोपरापर्यंत लोंबू लागतो, आणि मग एका झटक्यात खापरावर पसरायचा. सासूबाईंसारखा मांडा पंचक्रोशीत कुणाला जमत नसे, लग्नाघरी त्यांना गाडी पाठवून बोलवत. हातांचं काम त्या डोळ्यांशिवायही करू शकत होत्या. पण खापराखाली जाळ असतो. पसरला तो बरोबर पडला का, कड सुटली का, लुगड्याचा पदर कुठे आहे, हे सांगायला कुणीतरी हवं. मोठी नणंद शेजारी बसणार, आणि तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे. ती आईवर जीव टाकायची. म्हणूनच ती आईला हात धरून उठवणार, हे मला आणि सासूबाईंना दोघींना स्वच्छ दिसत होतं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ आला. नणंदा दुपारी येणार होत्या. सासूबाईंनी माझ्या आईसाठी कुरडया आणि बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, गाठोडं बांधून दिलं. मी पाया पडले. वाटलं, आता थांब म्हणतील. त्या म्हणाल्या, "जाय. पोरीस्ना सन शे. मन्ही काळजी नको करू." आणि भिंतीला हात लावत आत गेल्या.

भावाचं लग्न ठरत होतं, तो सारखं तेच बोलत होता. मी हूं हूं करत होते. तापीला पाणी कमी होतं. उताराजवळ त्यानं बैल सोडले पाणी पाजायला. मी वाळूत उतरले, पाय पाण्यात सोडून बसले. पलीकडच्या काठावर दुसऱ्या गाड्या होत्या, त्यांतल्या मुली आतापासूनच गात होत्या. त्यांतली मीच एक होते, मला जायचंच होतं. आई दारात उभी असेल, हेही दिसत होतं. आणि त्याच वेळी मला राग येऊ लागला. थांब म्हटल्या का नाहीत? एक शब्द बोलल्या असत्या तर मी भांडले असते, नाही म्हणाले असते, आणि मोकळ्या मनानं गेले असते. त्यांनी मला मोकळं सोडलं होतं, तेच जड झालं.

"दादा, गाडी फिराव," मी म्हटलं.

त्याला आधी गंमत वाटली. मग तो चिडला. "माय वाट पाही ऱ्हायनी तुन्ही! येडी व्हयनी का?" मी रडायला लागले, खरोखरची. त्याग वगैरे माझ्या मनात नव्हता. माझी आखाजी गेली म्हणून मी रडत होते, आणि परत गेल्याशिवाय राहवत नव्हतं म्हणूनही. भावानं आईसाठीचं गाठोडं आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि मला परत आणून सोडलं.

नणंदा आलेल्या होत्या. मोठी मला पाहून म्हणाली, "काय वं, माहेरना रस्ता इसरनी का?"

"मांडा शिकाले उनू," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. आत पुरण वाटण्याचा आवाज येत होता, तो थांबला, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात चूल पेटली. मी खापराजवळ बसले, आणि शिकणाऱ्या पोरीसारखी प्रश्न विचारू लागले. त्याशिवाय सांगणार कसं? "आत्याबाई, उजवी बाजू जाड राहिली, अशीच ठेवायची का?" "कड सुटली, आता काढायचा ना?" "पदर चुलीकडे गेला तर चालतो का?" सासूबाई सुनेला शिकवावं तशा उत्तरं देत होत्या आणि हात चालवत होत्या. मोठी नणंद वैतागली. "कितला इचारस! शाळामा बी अशीच करे का?" मी मान खाली घालून आणखी विचारलं. सात-आठ मांडे उतरले, पातळ, डाग नसलेले, रुमालासारखी घडी पडणारे. मला वाटलं, जिंकलो आम्ही.

मग आगारीची वेळ झाली. पितरांच्या नावानं निखाऱ्यावर तूप आणि मांड्याचा तुकडा टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. सासऱ्यांनी आपल्या वडिलांची टाकली. त्यांच्या आईची, म्हणजे ओसरीवरच्या त्या म्हातारीची, आगारी आमच्या घरी सासूबाई टाकत. मी कुणाच्या लक्षात येणार नाही असा त्यांचा हात निखाऱ्याकडे वळवला. त्यांनी तुकडा टाकला, तूप टाकलं, धूर वर आला. दरवर्षी इथं नमस्कार करून उठायचं असे. त्या उठल्या नाहीत.

"बाई," त्या म्हणाल्या, मोठ्यानं, समोर कुणी बसलेलं असावं तशा. "तुम्हना डोया गयात तवय मी तुम्हले चुल्हापाइन उठाडं. आते मन्हा बी गयात. माले माफ करा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. इतके महिने लपवलं, मी नदीवरून परत आले, आणि या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं. पितरांपुढे खोटं ठेवून त्यांना जेवू घालणं त्यांना जमलं नाही, एवढंच.

मोठी नणंद उठली. तिचे डोळे भरले होते. "माय, तू उठ. मी करस बाकीना." तिनं हलक्या हातानं त्यांच्या पुढची परात ओढली आणि त्यांचं मनगट धरलं. सासूबाईंनी एक गुडघा टेकला. त्या उठत होत्या. हरकत घेत नव्हत्या. आपल्याला हेच मिळायला हवं, असं त्यांनी मनाशी ठरवल्यासारखं दिसत होतं.

"बसा!" मी ओरडले.

सासऱ्यांसमोर माझा आवाज तोवर कधी निघाला नव्हता. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो घ्यायचंही सुचलं नाही. "खापर तापलंय. त्यांच्याशिवाय कुणाला येतं? डोळ्यांना मी आहे. चार महिने मीच आहे, तुम्ही कुणी ओळखलंत?" रागाच्या भरात सगळं शाळेतल्या मराठीत बाहेर पडत होतं. नणंदेनं हात सोडला नाही. ती सासऱ्यांकडे पाहू लागली, मीही पाहू लागले.

सासरे बायकोकडे बघत होते. त्यांनी डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली.

"भूक लागनी," ते म्हणाले. "मांडा टाका."

नणंदेनं परात परत सरकवली. सासूबाई खाली बसल्या, गोळा घेतला, तळहातांवर झेलू लागल्या. पण आता झेल चुकत होते. मांडा कोपरापर्यंत आला आणि खापरावर पडताना मधोमध फाटला, पुरण सांडलं, करपल्याचा वास सुटला. मी तो उलथन्यानं कसाबसा सोडवला आणि ताटात ठेवला. दोन्ही नणंदा बघत होत्या.

"कसा व्हयना?" सासूबाईंनी विचारलं.

मी चार महिन्यांत त्यांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. "चांगला व्हयना," मी म्हटलं. "गोल, पातय. एक बी डाग नही."

त्यांनी हात पुढे केला आणि गरम मांड्यावरून बोटं फिरवली. बोटं फाटलेल्या जागी येऊन थांबली.

"खोटं बोलस," त्या म्हणाल्या, आणि दुसरा गोळा हातात घेतला. "पन बोलत ऱ्हाय."